भाताच्या खळ्यावर कॉफी वाळवू नका

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात सुपारी, मिरी आणि काजूच्या सोबतीला ज्या घरांनी कॉफी लावली आहे, त्यांची तक्रार बहुतेक एकच असते. झाड जोमात आहे, फळ भरपूर लागलंय, पण नमुना पाठवला की खरेदीदार नको म्हणतो. कारण विचारलं तर मातकट वास, आंबूसपणा, बुरशी यांपैकी काहीतरी कानावर येतं. हे तिन्ही दोष झाडावर तयार होत नाहीत. फळ बुट्टीत पडल्यापासून बी पोत्यात जाईपर्यंतच्या दोन-तीन आठवड्यांत ते शिरतात. एकदा शिरले की चाळून, निवडून, कितीही चांगलं भाजून जात नाहीत.

हा लेख त्या दोन-तीन आठवड्यांपुरताच आहे. लागवड, छाटणी आणि खतं यांचा विषय इथे नाही. एक ते पाच एकर बाग, घरची चार-पाच माणसं, तोडणीला गावातल्या बायका आणि यंत्राचा ड्रायर नाही, असं घर डोळ्यांसमोर ठेवून सगळं लिहिलं आहे.

आधी उंचीबद्दल आणि मातीबद्दल. आपला घाटमाथा साधारण ६५० ते ८५० मीटरांचा. कॉफीचे मुख्य प्रकार दोन. भारतात अरेबिकाला १००० ते १५०० मीटर उंची मानवते, रोबस्टाला ५०० ते १००० मीटर. म्हणजे आपलं मुख्य पीक रोबस्टाच. कुणी वरच्या टेकाडावर चंद्रगिरी किंवा एस. ७९५ या अरेबिकाच्या जाती लावल्या असतील तर त्यांचा लॉट, म्हणजे एकत्र हाताळायचा माल, वेगळा ठेवायचा. मातीचं म्हणाल तर बेळगावच्या आसपास खाली बेसाल्ट आणि वर जांभा असतो, पण दक्खनचा हा ज्वालामुखीचा खडक इथेच कुठेतरी संपतो आणि लोंढ्याकडे खडक बदलतो. तेव्हा 'ज्वालामुखीच्या मातीतली, उंचावरची कॉफी' असं पाकिटावर छापण्याआधी आपली बाग नेमकी कशावर उभी आहे ते पाहा. स्पेशालिटीचा, म्हणजे उच्च प्रतीच्या कॉफीचा, दर मात्र मातीच्या नावावर मिळत नाही. तज्ज्ञांच्या चाखणीत १०० पैकी ८० किंवा जास्त गुण पडले तरच तो मिळतो, आणि हे गुण मुख्यतः वाळवणीत जातात.

## टप्पा १: तोडणीच्या महिनाभर आधीची तयारी

सगळ्यात जास्त घरं इथेच चुकतात, कारण तयारी तोडणी सुरू झाल्यावर होते. रोबस्टाची तोडणी आपल्याकडे साधारण जानेवारी-फेब्रुवारीत येते. त्याच वेळी माणसं ऊसतोडीला गेलेली असतात आणि पाठोपाठ काजू सुरू होतो. त्या धांदलीत मांडव बांधायला कुणालाच वेळ नसतो. म्हणून डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, भाताची मळणी उरकली की लगेच पुढची कामं हातात घ्या.

जागेचा हिशोब. वाळवणीच्या मांडवावर पहिल्या दिवशी एका चौरस मीटरमध्ये साधारण १५ किलो ओलं फळ पसरता येतं. त्याहून जास्त घातलं तर थर जाड होतो. रोज १५० किलो तोडणी असेल तर रोज १० चौरस मीटर जागा हवी. अख्खं फळ वाळायला आपल्याकडच्या हिवाळ्यात १५ ते २० दिवस जातात, म्हणजे पहिला मांडव रिकामा होईपर्यंत १५० ते २०० चौरस मीटर जागा अडकलेली राहणार. साल काढून धुतलेल्या बीचा हिशोब वेगळा आहे. १५० किलो फळातून साधारण ६५ किलो ओली बी निघते. तिला साडेचार चौरस मीटर जागा पुरते आणि ती आठ-दहा दिवसांत वाळते, म्हणून ४५ चौरस मीटरांत भागतं.

हा हिशोब कागदावर मांडा आणि मगच पद्धत ठरवा. जागा कमी आणि पाणी आहे तर धुतलेली कॉफी करा, बाजारात तिला रोबस्टा पार्चमेंट म्हणतात. जागा भरपूर आहे पण जानेवारीत ओढा आटतो, तर अख्खं फळ वाळवा, म्हणजे रोबस्टा चेरी. हल्ली 'हनी'चं, म्हणजे साल काढून चिकट थरासकट वाळवण्याचं, बरंच बोललं जातं. पहिल्या दोन हंगामांत त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडच्या दवात तो चिकट थर सांभाळायला सरावलेला हात लागतो.

मांडव. जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच, बांबूचा किंवा सुपारीच्या खोडाच्या पट्ट्यांचा सांगाडा करून त्यावर ताणून बसवलेली बारीक जाळी. रुंदी चार फुटांच्या आत ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो. वर कमानी करून पारदर्शक प्लास्टिक टाकायची सोय हवी आणि दोन्ही टोकं उघडी हवीत. बंद केलेल्या मांडवात वाफ कोंडते. जागा वाऱ्याची निवडा. चूल, पालापाचोळा जाळायची जागा आणि गुऱ्हाळ यांच्या वाऱ्यात मांडव येऊ देऊ नका. ओल्या बीला धुराचा वास लागला की तो जात नाही.

बाकीचं सामान. हाताने फिरवायचा पल्पर, म्हणजे फळाची साल काढायचं यंत्र (दोन-तीन घरांनी मिळून घेतला तरी चालतो), आतून टाइल लावलेली टाकी किंवा खाण्याच्या वस्तूंसाठीचे प्लास्टिकचे पिंप, वजनकाटा, कॉफीसाठीचा ओलावामापक, तोडणीसाठी खाली अंथरायची कापडं आणि एक वही.

इशारा: औषध फवारणीचं द्रव्य ज्या पिंपात आलं होतं ते कितीही धुतलं तरी कॉफीसाठी वापरू नका.

माणसं. घरची बाग म्हटली की सगळेच सगळं करतात आणि कुणीच एक गोष्ट शेवटपर्यंत नेत नाही. तोडणीवर एक, मांडवावर एक आणि वहीवर एक अशी माणसं नेमा. मांडवावरचं माणूस दिवसभर तिथेच हवं. काही घरांत हे काम आई किंवा काकू बघतात, आणि त्यांनी 'आज पोती भरायची नाहीत' म्हटलं की पोती भरली जात नाहीत. हा अधिकार त्यांना खरोखर दिलेला असला पाहिजे.

## टप्पा २: तोडणी

फक्त पूर्ण पिकलेलं फळ तोडायचं. रंग लाल किंवा गडद लाल हवा आणि दोन बोटांत दाबलं की बी सहज बाहेर पडली पाहिजे. एका झाडावरची सगळी फळं एकदम पिकत नाहीत. म्हणून दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन-चार फेऱ्या कराव्या लागतात. रोबस्टाचं पिकलेलं फळ अरेबिकापेक्षा जास्त दिवस झाडावर टिकतं. त्याचा फायदा घ्या, पण काळं पडून वाळेपर्यंत थांबू नका.

फांदी मुठीत धरून सर्रकन ओरबाडली की हिरवं, पिवळं, लाल सगळं एकत्र येतं. शिवाय ज्या पेऱ्यावर पुढचा बहर यायचा तिथले कोंबही जातात. ओरबाडण्याचं मुख्य कारण मजुरीत आहे. किलोवर पैसे दिले की बायका भरभर तोडणार, त्यात त्यांची चूक काहीच नाही. रोजावर मजुरी द्या आणि बुट्टी स्वच्छ आली तर वर काहीतरी द्या. कामाला येणाऱ्या मावशींना पहिल्या दिवशी झाडाजवळ उभं राहून कोणतं फळ हवं आणि कोणतं नको ते दाखवा. नुसतं सांगून ते कळत नाही.

झाडाखाली कापड अंथरा. त्याबाहेर जमिनीवर पडलेलं फळ वेचायचं जरूर, पण ते चांगल्या बुट्टीत टाकायचं नाही. पडलेल्या फळात बुरशी असते आणि फळ पोखरणारा भुंगा तिथेच पुढच्या हंगामापर्यंत तग धरतो. ज्या फळाच्या टोकाला टाचणीएवढं भोक दिसतं, त्यात तो असतोच. अशी फळं उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवून मग वेगळी वाळवा. बागेत कुठेही तशीच टाकली तर पुढच्या वर्षी सगळ्या शिवाराला त्रास होतो.

जंगलाला लागून बाग असेल, विशेषतः भीमगड अभयारण्याच्या बाजूला, तर उजाडायच्या आधी तोडणीला माणसं पाठवू नका. गवा आणि अस्वल दोन्ही त्या वेळी बागेत असू शकतात. दव ओसरल्यावर सुरू केलेली तोडणी कॉफीलाही बरी.

तपासा: भरलेल्या बुट्टीतून न बघता १०० फळं काढा. हिरवी-पिवळी पाचपेक्षा जास्त निघाली तर ती बुट्टी तिथेच निवडायला बसवा.

## टप्पा ३: त्याच दिवशी, अंधार पडायच्या आत

तोडलेलं फळ पोत्यात बांधून ठेवलं की दोन-तीन तासांत आतून गरम होतं. हात घालून बघा, लगेच कळेल. ती ऊब म्हणजे नको तिथे सुरू झालेलं आंबणं. म्हणून सकाळचं फळ दुपारी आणि दुपारचं फळ संध्याकाळी घरी आलंच पाहिजे, तेही उघड्या बुट्टीतून, सावलीत ठेवून. आजचं फळ उद्या पल्परला लावू, हा विचार डोक्यातून काढून टाका. अख्खं फळ वाळवणार असाल तरी ते त्याच संध्याकाळी मांडवावर पसरायचं.

घरी आलं की मोठ्या टबात पाणी घेऊन त्यात फळ ओता. चांगलं भरलेलं फळ बुडतं. पोकळ, पोखरलेलं, झाडावरच वाळलेलं फळ तरंगतं. तरंगणारं चाळणीने काढून वेगळं वाळवा. ते हलक्या दराने विकता येतं, पण मुख्य लॉटमध्ये ते गेलं की सगळ्याचा दर त्याच्या पातळीला उतरतो. अख्खं फळ वाळवणाऱ्यांनीही ही पायरी टाळू नये. भिजवत मात्र ठेवायचं नाही. बुडवायचं, वरचं काढायचं आणि लगेच उपसायचं.

## टप्पा ४: साल काढणं

अख्खं फळ वाळवणाऱ्यांनी इथून थेट सहाव्या टप्प्याला जावं.

रोबस्टाचं फळ लहान, रस कमी आणि साल घट्ट, त्यामुळे अरेबिकासाठी लावलेला पल्पर तसाच चालत नाही. हंगामाच्या पहिल्या फळांचं एक घमेलं टाकून आधी पाहून घ्या. बी चिरली जात असेल तर फट कमी आहे. अख्खी फळं तशीच बाहेर येत असतील तर फट जास्त आहे. चिरलेल्या बीत आंबवताना आंबट पाणी शिरतं आणि ती पुढे काळी पडते. सालीचे चार तुकडे मागे राहिले तर धुताना काढता येतात, चिरलेली बी दुरुस्त करता येत नाही. म्हणून शंका असेल तेव्हा फट थोडी मोठी ठेवा.

फळं आकाराप्रमाणे दोन चाळणींतून काढून वेगवेगळी लावली तर काम फार सोपं होतं. रोज संध्याकाळी पल्पर पूर्ण धुवा. आतल्या कोपऱ्यात अडकलेली कालची एखादी कुजकी बी आजच्या सगळ्या लॉटला वास लावते.

## टप्पा ५: आंबवणं आणि धुणं

साल निघाल्यावर बीभोवती चिकट थर राहतो. तो पाण्याने धुऊन निघत नाही, आधी आंबवून सुटा करावा लागतो. अरेबिकाला साधारण २४ ते ३६ तास पुरतात. रोबस्टाचा थर जाड असतो, त्याला ७२ तासांपर्यंत लागू शकतात. थंडीच्या रात्री वेळ वाढतो आणि ढगाळ उबदार हवेत कमी होतो, म्हणून घड्याळावर विसंबू नका. बी काय सांगते ते पाहा.

तपासा: मूठभर बी पाण्यात धुऊन तळहातांत चोळा. बुळबुळीत लागली तर थांबा. खडे चोळल्यासारखी खरखर आली की थर सुटला. दुसरी खूण म्हणजे टाकीत मधोमध काठी खुपसून काढा. पडलेलं भोक तसंच राहिलं तर काम झालं, मिटलं तर अजून वेळ आहे.

पहिल्या २४ तासांनंतर ही तपासणी दर तीन-चार तासांनी करायची, रात्रीसुद्धा. शेवटची तपासणी रात्री दहाला केली, बी तयार वाटली, पण 'आता सकाळीच धुऊ' म्हणून सोडली, तर सकाळपर्यंत ती आंबून गेलेली असते. अशा जास्त आंबलेल्या बीला भाजताना कुजका वास येतो, आणि त्यातल्या मूठभर बिया अख्खं पोतं वाया घालवतात. रात्री तयार झाली तर रात्रीच धुवा. तेवढं बळ नसेल तर बी बुडेल इतकं स्वच्छ थंड पाणी घालून आंबणं मंदावता येतं, पण सकाळी पहिलं काम धुण्याचंच.

टाकी सावलीत आणि झाकलेली असावी. दोन दिवसांची बी एका टाकीत कधीही एकत्र करू नका. एक जास्त आंबते, दुसरी कच्ची राहते आणि चव दोन्हींची जाते. टाकीला आंबटगोड फळासारखा वास आला तर ठीक. व्हिनेगर किंवा सडक्या कांद्याच्या वासाकडे झुकलं की उशीर झालाय.

धुताना स्वच्छ पाणी तीन-चार वेळा बदला. शेवटचं पाणी नितळ निघालं पाहिजे. वर तरंगलेली बी आणि सालीचे तुकडे याच वेळी काढून टाका.

इशारा: पल्परचं आणि टाकीचं पाणी ओढ्यात सोडू नका. ते आम्लधर्मी असतं, त्यात साखर आणि कुजणारा गर असतो, आणि ते पाण्यातला प्राणवायू शोषून घेतं. मलप्रभा कणकुंबीत उगम पावते, म्हादईचे ओढे याच डोंगरातून निघतात. खालची गावं हेच पाणी पितात आणि त्यांची गुरंही. बागेच्या खालच्या अंगाला, विहिरीपासून लांब, एक खड्डा काढून पाणी त्यात साठवा, चुना घालून त्याचं आम्ल मारा आणि मुरू द्या. सालीचा ढीग शेणात मिसळून कुजवा, त्याचं उत्तम खत होतं.

## टप्पा ६: वाळवण

इथे सगळ्यात जास्त वेळ थांबायला हवं, कारण आपलं हाताचं कसब इथेच उलटं पडतं.

"भात वाळतोय की खळ्यावर, मग कॉफी का नाही वाळायची?" असं शेजारपाजारचे मामा-काका दरवर्षी विचारतात. कापणीच्या वेळी भातात ओलावा २० ते २५ टक्क्यांच्या आसपास असतो. कॉफीच्या पिकलेल्या फळात तो ६० ते ६५ टक्के आणि धुतलेल्या बीत ५० टक्क्यांहून जास्त. भाताचा ढीग रात्रभर राहिला तर फारसं बिघडत नाही. तेवढ्याच वेळात ओल्या कॉफीच्या ढिगाला बुरशी लागते. तीच बुरशी पुढे ऑक्राटॉक्सिन नावाचं विष तयार करू शकते, आणि ते भाजल्यावरही पूर्ण जात नाही. शिवाय शेणाने सारवलेल्या खळ्याचा वास ओली बी शोषून घेते. खरेदीदार ज्याला मातकट वास म्हणतो, तो बऱ्याचदा इथूनच आलेला असतो. पहिले आठ दिवस तरी कॉफी जमिनीला लागू नये. सिमेंटच्या अंगणावर वाळवावंच लागलं तर खाली स्वच्छ कापड किंवा जाळी घाला, पण मांडवाची सर त्याला नाही.

पहिले दोन-तीन दिवस. थर एका इंचाच्या आत. दर अर्ध्या-पाऊण तासाने हाताने किंवा लाकडी फावड्याने परतायचं. अख्ख्या फळाला या दिवसांत पूर्ण ऊन द्या, वरची साल लवकर आटली पाहिजे. जिथे फळं एकमेकांना चिकटून राहतात तिथेच पांढरी बुरशी धरते. धुतलेल्या बीचं उलट आहे. सकाळचं ऊन द्या आणि बारा ते तीन वरून सावली करा. कडक उन्हात तिचं पार्चमेंट, म्हणजे बीवरचं टरफल, तडकतं. तडकलेल्या जागेतून ओल आणि वास दोन्ही आत जातात. ओली असतानाच मांडवाभोवती बसून चिरलेल्या, काळ्या आणि पोखरलेल्या बिया वेचून काढा. वाळल्यावर टरफलाखाली त्या दिसत नाहीत.

दव. घाटमाथ्यावर जानेवारीच्या रात्री दव इतकं पडतं की सकाळी कौलांवरून ठिबकतं. एक रात्र उघडं राहिलेलं वाळवण दोन दिवस मागे जातं. संध्याकाळी पाचच्या सुमारास, गारवा उतरायच्या आत, कमानीवर प्लास्टिक ओढा. सकाळी दव ओसरल्यावरच, साडेआठ-नऊला, उघडा. पहिल्या दिवसांत हे प्लास्टिक कॉफीला टेकता कामा नये, कारण टेकलं की आतल्या बाजूने पाणी सुटून सगळं तिच्यावर पडतं. रात्री ढीग करणंही या दिवसांत बंद.

त्यानंतरचे दिवस. फळाची साल सुरकुतून गडद झाली, किंवा धुतलेल्या बीचं टरफल हाताला कोरडं लागू लागलं, की थर दीड-दोन इंचांवर न्यायला हरकत नाही. आता दर तासाला परतणं पुरे. रात्री ढीग करून त्यावर स्वच्छ सुती कापड आणि वरून ताडपत्री टाका. ढिगात बाहेरून आतपर्यंतची ओल एकसारखी होते, सकाळी पुन्हा पसरायचं. भर दुपारी मात्र ताडपत्रीखाली ढीग कधीच ठेवायचा नाही.

धुतलेल्या बीचं टरफल सोलून रंग पाहत राहा. ती आधी पांढुरकी आणि नखाने दबणारी असते, मग काळपट होते आणि शेवटी करडी-हिरवट होऊन कडक बनते. मधल्या काळपट अवस्थेत घाई केली तर बाहेरून वाळलेली आणि आतून ओली बी तयार होते, आणि ती पोत्यात जाऊन बुरशी धरते. फार जणांना वाटतं की ऊन जितकं कडक तितकं चांगलं. धुतलेली बी ४० अंश सेल्सिअसच्या वर तापू द्यायची नाही, ही मर्यादा यंत्राच्या ड्रायरलाही लागू आहे.

अवकाळी पाऊस. ढग दिसताच झाका, थेंब पडायची वाट पाहू नका. तरीही एखादा मांडव भिजलाच तर त्याचा लॉट वेगळा करा आणि वहीत तसं लिहा. भिजून पुन्हा वाळलेली कॉफी चांगल्या कॉफीत मिसळणं हा सगळ्यात महाग पडणारा चोरटेपणा आहे, कारण खरेदीदार तो पहिल्याच कपात ओळखतो आणि पुढच्या वर्षी फोन उचलत नाही.

तपासा: रोज सकाळी मांडव उघडताना नाक जवळ न्या. कुबट किंवा आंबट वास आला तर थर लगेच पातळ करा आणि त्या दिवशी दुप्पट वेळा परता.

## टप्पा ७: वाळली की नाही, हे ठरवणं

दातांनी चावून ठरवायची सवय सोडा. धुतलेल्या बीला १० टक्के आणि रोबस्टाच्या अख्ख्या फळाला ११ टक्के ओलाव्यावर थांबायचं असतं. १२ आणि १४ मधला फरक दाताला कळत नाही, बुरशीला कळतो.

ओलावामापकावर कॉफीची वेगळी खूण असते. भाताच्या खुणेवर लावून वाचलेला आकडा निरुपयोगी आहे. टरफल काढलेली बी त्यात घालायची. मांडवाच्या पाच जागांहून, वरून आणि तळातून घेऊन, एकत्र करून मोजा. उन्हातून थेट उचललेली गरम बी चुकीचा आकडा देते, म्हणून रात्रभर ढिगात राहिलेली, गार झालेली बी सकाळी मोजा.

मापक नसेल तर वजनाने जा. मांडवावर घालतानाच एका जाळीच्या पिशवीत ठरावीक वजनाचं फळ भरून त्याच थरात ठेवा. फळात ६५ टक्के पाणी धरलं तर १०० किलोत सुकी वस्तू ३५ किलो. ११ टक्क्यांवर ते सगळं साधारण ३९ किलोवर येतं. ४५ किलोवर थांबलात तर त्यात अजून २२ टक्के पाणी आहे. त्या हिशोबाने पिशवीचं वजन रोज लिहा. अपेक्षित आकड्याजवळ येऊन सलग दोन-तीन दिवस वजन हललं नाही, आणि फळ मुठीत हलवल्यावर आतली बी खुळखुळली, तर वाळलं समजा.

९ टक्क्यांच्या खाली नेऊ नका. बी ठिसूळ होते, टरफल काढताना तुटते आणि वजनातही तुम्हालाच तोटा.

## टप्पा ८: पोती आणि साठवण

वाळलेली कॉफी संध्याकाळपर्यंत गार होऊ द्या आणि मग भरा. नवीन, कोरडी, वास नसलेली तागाची पोती घ्या, आत हवाबंद प्लास्टिकची पिशवी असेल तर उत्तम. युरियाचं रिकामं पोतं, पेंडीचं पोतं, गेल्या वर्षीच्या मिरीचं पोतं यांपैकी काहीही नको. मिरी आणि ओली सुपारी ज्या खोलीत आहे तिथे कॉफी ठेवू नका. निपाणी-चिक्कोडीकडच्या नातेवाइकांच्या गोदामात जागा मिळतेय म्हणून तंबाखूशेजारी थप्पी लावली, तर त्या कॉफीवर पुन्हा काही करता येणार नाही.

पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब. टरफल किंवा वाळलेली साल घरी काढू नका, तेच बीचं संरक्षण आहे. महिनाभर तरी तशीच विसावू द्या आणि मग क्युरिंगला, म्हणजे टरफल काढून बी निवडणाऱ्या कारखान्यात, पाठवा. पाठवणी मात्र मेअखेरच्या आत उरकायची. जूनपासून आपल्याकडच्या हवेत इतकी ओल असते की नीट वाळलेली बीसुद्धा पुन्हा पाणी ओढते, फुगते आणि पांढरट पडते. किनाऱ्यावर मान्सून्ड मलबार नावाची कॉफी मुद्दाम तशी केली जाते, पण तिथे बी थरात पसरून आणि पुनःपुन्हा परतून ती मुरवतात. माळ्यावर पडून राहिलेलं पोतं नुसतं कुबट होतं.

## टप्पा ९: लॉट, वही आणि नमुना

प्रत्येक दिवसाच्या तोडणीला एक क्रमांक द्या. त्यापुढे तारीख, बागेचा कोणता भाग, जात, फळाचं वजन, किती तरंगलं, किती तास आंबवलं, किती दिवसांत वाळलं, शेवटचा ओलावा, आणि मधे पाऊस किंवा धुकं होतं का, एवढं लिहा. हाच क्रमांक पोत्याच्या आत एका चिठ्ठीवर आणि बाहेर रंगाने. सगळा हंगाम एकाच ढिगात ओतलात तर चांगल्या तीन पोत्यांना खराब दोन पोत्यांचा दर मिळेल.

नमुना काढताना वरवरची चांगली बी निवडून पाठवण्याचा मोह टाळा. प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून थोडी थोडी घ्या. दोषांची मोजणी ३५० ग्रॅम टरफल काढलेल्या बीवर होते. स्पेशालिटीच्या निकषात त्यात पूर्ण काळी, पूर्ण आंबट, बुरशीची अशी मोठ्या दोषाची एकही बी चालत नाही आणि किरकोळ दोष पाचच्या वर गेलेले चालत नाहीत. ही मोजणी पाठवण्याआधी घरी परातीत, उजेडात बसून करा. जितका नमुना पाठवाल तितकाच, त्याच लॉटचा, हवाबंद बरणीत घरी ठेवा. पुढे मालाबद्दल तक्रार आली तर तोच भाजून तुलना करता येते.

क्युरिंगसाठी माल चिक्कमगळूर किंवा हासनकडे जाणार असेल तर गाडी भरण्याआधीच विचारून घ्या की छोटा लॉट वेगळा चालवतात का आणि कमीत कमी किती पोती लागतात. तेवढी पोती एका घराची होत नसतील तर एकाच पद्धतीने, एकाच ओलाव्यावर वाळवलेल्या दोन-तीन घरांचे लॉट आधी चाखून घ्या. चव जुळली तर एकत्र करा आणि कुणाची किती पोती त्याची नोंद सगळ्यांच्या वहीत सारखीच ठेवा.